मोटारीच्या तळाला लेप कोणता द्यावा?

जुन्या मोटारीचा वरचा रंग कितीही चकाकत असला, तरी तिचे आयुष्य ठरते तळाच्या पत्र्यावर. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली ‘प्रीमियर पद्मिनी’ घ्या. तिला जीपसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा हाच तिच्या सांगाड्याचा भाग आहे. तो कुजला की गाडीच दुबळी होते.

वऱ्हाडची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते. मग गंज येतो कोठून? पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आत घट्ट चिकटतो. ही माती पाणी धरून ठेवते. रस्ता वाळला तरी पत्रा ओलाच राहतो. त्यातून अकोला-अमरावती जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तेथील माती आणि विहिरींचे पाणी खारट असते.

गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पत्र्याच्या एका बिंदूवर लोखंड इलेक्ट्रॉन गमावून पाण्यात उतरते. दुसऱ्या बिंदूवर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. खारे पाणी वीज चांगली वाहून नेते, म्हणून हा उद्योग तेथे वेगाने चालतो. तयार होणारा गंज सच्छिद्र असल्याने खालच्या लोखंडाला तो संरक्षण देत नाही.

आता लेप पाहू. डांबरी लेप स्वस्त असतो आणि खड्यांचा मारा सोसतो. परंतु काळ लोटला की तो कडक होऊन तडकतो. तडीतून शिरलेले पाणी आत अडकते आणि वरून सारे ठीक दिसत असताना पत्रा सडतो. गंजावरच डांबर फासणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे!

इपॉक्सी लेप पाणी चांगले अडवतो, पण तो स्वच्छ, कोरड्या पत्र्यालाच धरतो. जस्तयुक्त प्रायमर ओरखडा पडला तरी उपयोगी पडतो. लोखंडाऐवजी जस्त आधी झिजते. मेणाचा लेप मऊ राहून सांध्यांत झिरपतो. मात्र तो धुऊन जातो, म्हणून अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो. पूर्वी जवसाच्या तेलात शेंदूर कालवून लावीत. त्यात विषारी शिसे असते, म्हणून तो टाळावा. जुना रंग खरवडतानाही त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

तेव्हा एकच लेप पुरत नाही. आधी गंज काढून पत्रा कोरडा करावा. मग प्रायमर, त्यावर इपॉक्सी, चाकांजवळ खडे सोसणारा रबरी थर आणि पोकळ भागांत मेण. पाणी निचरण्याची भोके मात्र बुजवू नयेत!

हे पडताळून पाहायचे आहे? चार लोखंडी खिळे घासून स्वच्छ करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला रंग द्या, तिसऱ्याला रंग देऊन वाळल्यावर ओरखडा काढा, चौथ्यावर जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळा. चारही वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात ठेवून आठवडाभर रोज नोंद करा. गंज प्रथम कोठे दिसला आणि सर्वांत कमी कोठे आला, याचे कारण आता तुम्हांला सांगता येईल.