धावू द्या, पडू द्या, घडू द्या!

'एका जागी स्वस्थ बस पाहू!' लहान मूल असलेल्या घरात हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानी पडते. स्वस्थ बसणारे मूल गुणी आणि धडपडणारे मूल उपद्व्यापी, ही आपल्याकडची जुनी समजूत. पूर्वीची मुले या आज्ञेला फारशी दाद देत नसत, कारण बाहेर अंगण खुणावत असे. आता मात्र हातात मोबाईल दिला की मूल खरोखरच तासन् तास स्वस्थ बसते. चिंतेची बाब आहे ती हीच.

किती हालचाल हवी?

जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालील मुलांसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार, रांगू न लागलेल्या तान्ह्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे ठेवावे. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसाकाठी किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. तीन व चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातील किमान ६० मिनिटे धाप लागेल अशा खेळाची असावीत. बाबागाडीत किंवा खुर्चीत मुलाला सलग तासाभरापेक्षा अधिक काळ जखडून ठेवू नये. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत टीव्ही-मोबाईल नकोच आणि पुढे चार वर्षांपर्यंत तो दिवसाला एका तासाहून अधिक नको, असेही ही तत्त्वे सांगतात.

तीन तासांचा आकडा ऐकून पालकांनी दचकण्याचे कारण नाही. हे तीन तास सलग अपेक्षित नाहीत. चालणे, जिना चढणे, नाचणे, चेंडूमागे धावणे हे सारे त्यात मोजले जाते. थोडक्यात, मुलाला अडवले नाही तर बहुतांश काम ते स्वतःच करते.

लंगडी आणि हाडे

हाड ही जिवंत ऊती आहे. जेथे भार पडतो, तेथे शरीर हाड अधिक बळकट करते. लंगडी घालताना मुलाचा सारा भार एका पायावर येतो आणि प्रत्येक उडीगणिक हाडाला बळकट होण्याचा संदेश मिळतो. त्याच वेळी डोळे, आतील कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि स्नायू यांच्याकडून येणाऱ्या संदेशांचा मेळ घालण्याचा सराव मेंदूला होतो.

हाडांची ही पुंजी प्रामुख्याने बालपणी व तारुण्यात साठते आणि तिशीनंतर वाढत नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा हीच पुंजी उपयोगी पडते. 'मुलीच्या जातीने इतके हुंदडू नये' म्हणून मुलींना लवकर घरात बोलावणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आधी पारंब्या, मग पेन्सिल

तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेण्याची घाई अनेक पालकांना असते. परंतु बोटांनी पेन्सिल नीट चालवायची, तर आधी पाठ, खांदा आणि मनगट स्थिर हवे. ही तयारी चढताना, लोंबकळताना, माती मळताना होते. खेळाचा तास कापून लेखनाला देणे म्हणजे पायाचे दगड काढून भिंत उंच करण्यासारखे आहे.

खेळातून मनालाही वळण लागते. 'स्टॅच्यू' म्हणताच धावत्या मुलाला जागीच थबकावे लागते. आपल्यावर राज्य आले की ते निमूटपणे घ्यावे लागते. मनाला आवर घालणे आणि आपल्या पाळीची वाट पाहणे हे धडे येथे उपदेशाविना मिळतात.

डोळ्यांसाठी मैदान

चीनमधील ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांमध्ये झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक मैदानावर नेण्यात आले. तीन वर्षांत या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अंधुक दिसण्याचा दोष, जडला. उरलेल्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. बाहेरचा भरपूर उजेड यामागे असावा, असे मानले जाते.

पालक काय करू शकतात?

अंगण गेले, मैदाने आक्रसली, रस्त्यावर वाहने वाढली, ही अडचण खरीच आहे. मात्र लंगडीला चार फरश्या पुरतात आणि लगोरीला फुटक्या फरशीचे तुकडे. सोसायटीच्या आवारात सायंकाळी तासभर गाड्या बाजूला लावल्या, तरी पुष्कळ साधते. बाजारात जाताना मुलाला कडेवर न घेता चालवत न्यावे. दमा किंवा हृदयविकार असलेल्या मुलाचा खेळ परस्पर बंद न करता, त्याला काय झेपेल हे डॉक्टरांना विचारावे.

धावणारे मूल कधीतरी पडणार, गुडघा खरचटणार. तो गुडघा आठवडाभरात भरून येतो. न खेळता सरलेले बालपण मात्र भरून काढता येत नाही.