डोळ्याला जुळलेली रेष

पडद्यावर दोन भिंती एकमेकींना टेकलेल्या दिसतात. झूम करत आत गेलं, की मधली फट उघडी पडते. २० मीटर लांबीची इमारत १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर पूर्ण दाखवली, तर एका पिक्सेलमागे सुमारे १० मिलिमीटर येतात. त्याहून बारीक चूक नजरेला दिसणं शक्यच नाही.

टी-स्क्वेअर आणि पेन्सिलीच्या काळात रेषेच्या जाडीएवढा फरक चालून जाई, कारण खरं माप आकड्यात लिहिलेलं असे. ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या प्रोग्राममध्ये माप रेषेतूनच निघतं, क्षेत्रफळही तिथूनच. कोपरा मिटलेला नसेल तर हॅच, म्हणजे बंद आकारातली रेघांची नक्षी, भरायलाही अडचण येते.

रेष हाताने नेमक्या बिंदूवर नेण्याची अडचण पहिल्यांदा सोडवली ती आयव्हन सदरलँड यांनी. १९६३ साली एमआयटीत सादर केलेल्या त्यांच्या ‘स्केचपॅड’मध्ये प्रकाशलेखणी एखाद्या बिंदूच्या जवळ आली, की प्रोग्राम ती नेमकी त्या बिंदूवरच आहे असं धरत असे. हात थरथरला तरी रेष अचूक. आजचा ऑब्जेक्ट स्नॅप हे त्याच कल्पनेचं रूप. एफ३ दाबून तो चालू केला, की रेषेचं टोक, मध्य, छेदनबिंदू, वर्तुळाचं केंद्र, लंब कर्सरला आपोआप सापडतात. मात्र सगळेच पर्याय एकदम चालू ठेवू नयेत. दाट नकाशात टोकाऐवजी शेजारचा मध्यबिंदू पकडला जातो आणि ते लक्षातही येत नाही.

खरी कसोटी लागते ती तिरक्या प्लॉटवर. मोजणीचा नकाशा हद्दीच्या प्रत्यक्ष दिशेत असतो. इमारत आपण सरळ आडव्या-उभ्या रेषांत काढलेली असते. ती रस्त्याकडच्या हद्दीला समांतर बसवायची, तर अंदाजाने कोन टाकून फिरवणं धोक्याचं. अर्ध्या अंशाची चूक २० मीटरवर सुमारे १७ सेंटिमीटर होते. सामासिक अंतर काठावर धरलं असेल, तर तेवढ्यानेच नियम मोडतो.

इथे ‘अलाइन’ कमांड वापरावी. आधी हद्दीला ऑफसेट देऊन इमारतीची रेषा काढावी. मग इमारतीचा कोपरा आणि तो जिथे जायचा तो बिंदू अशी पहिली जोडी द्यावी. त्याच भिंतीचं दुसरं टोक आणि ऑफसेट रेषेचं दुसरं टोक ही दुसरी. चारही बिंदू स्नॅपनेच. पहिला कोपरा तंतोतंत बसतो, दुसरी जोडी दिशा ठरवते. कोन किती हे आपल्याला ठाऊक असण्याची गरजच नाही. पुढचं काम त्याच तिरक्या दिशेत करायचं असेल, तर यूसीएस, म्हणजे आपण ठरवलेली अक्षांची चौकट, त्या भिंतीला लावून घ्यावी, म्हणजे रेषा आडव्या-उभ्याच ठेवणारा एफ८चा ऑर्थोही तिच्याच रेषेत चालतो.

‘अलाइन’च्या शेवटी प्रोग्राम विचारतो, मापही या बिंदूंप्रमाणे बदलू का? स्कॅन केलेला जुना नकाशा ज्ञात अंतरावर आणायचा असेल, तर ‘हो’ म्हणावं. इमारतीसाठी मात्र ‘नाही’च. ‘हो’ म्हटलं तर दोन्ही टोकं सुंदर जुळतात, पण ९ इंचांची भिंत ९ इंचांची राहत नाही. ‘नाही’ म्हटल्यावर दुसऱ्या टोकाशी जो फरक उरतो, तो अंतर मोजणाऱ्या ‘डिस्ट’ कमांडने मोजावा. भिंत आणि ऑफसेट रेषा सारख्याच लांबीच्या असायला हव्या होत्या आणि तरी काही सेंटिमीटर उरले, तर मोजणीत किंवा आपल्या आराखड्यात कुठेतरी चूक आहे. ती पाया आखण्यापूर्वी जागेवर टेप लावून शोधता येते.