कळसूबाईवर एक रात्र

महाराष्ट्रातला सर्वांत उंच डोंगर कोणता? कळसूबाई. अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात हे शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर आहे.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही सात जण तिथे गेलो. रात्र मुद्दाम अमावास्येची निवडली. घरची माणसे म्हणाली, "अवसेच्या रात्री डोंगरावर? डोकं फिरलं की काय तुमचं?" पण चंद्राचा उजेड असला की बारीक तारे दिसत नाहीत. आणि आम्हाला तर तारेच पाहायचे होते.

पायथ्याशी बारी नावाचे गाव आहे. तिथे चौकशी केली, राहण्याची परवानगी घेतली आणि दुपारी चढू लागलो. वाटेत उभे कडे लागतात. तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. घाई न करता, एकामागून एक आम्ही चढलो. दिवस मावळायच्या आत वर पोचलो. शिखरावर देवीचे लहानसे देऊळ आहे. खाली भंडारदऱ्याचे पाणी चमकत होते.

शिखरावर वारा फार. म्हणून थोडे खाली, सपाट जागेवर तंबू ठोकले. तंबूंची दारे उत्तरेला ठेवली. थंडी होती, पण शेकोटी केली नाही. त्या दिवसांत डोंगरावरचे गवत वाळलेले असते. एक ठिणगी उडाली तरी वणवा पेटतो. भाकरी, ठेचा आणि गूळ-शेंगदाणे खाल्ले, घोंगड्या पांघरल्या आणि बॅटऱ्या बंद केल्या.

पहिल्यांदा थोडेच तारे दिसले. आमच्यातला जाणता म्हणाला, "दम धरा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या." अर्ध्या तासाने पाहतो तो काय! सारे आभाळ ताऱ्यांनी भरलेले. मधेच कुणी बॅटरी लावली असती, तर पुन्हा अर्धा तास थांबावे लागले असते.

डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका होता. पूर्वेला, बरेच वर, चार ठळक तारे चौकोनात होते. चौकोनाच्या मधोमध तीन तारे एका ओळीत.

"हाच मृग," जाणता म्हणाला. "चार तारे म्हणजे हरणाचे पाय. मधले तीन म्हणजे त्याला लागलेला बाण. आणि खाली तो लखलखीत तारा दिसतो ना, तो व्याध, म्हणजे शिकारी."

आम्ही बघतच राहिलो. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि आपण पेरणीची तयारी करतो. हे नाव तर लहानपणापासून तोंडात. पण मृग कसा दिसतो, हे आमच्यातल्या तिघांना ठाऊक नव्हते!

एकाने विचारले, "मृग जूनमध्ये लागतो, तर आज जानेवारीत कसा दिसतो?"

प्रश्न चांगला होता. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. तेव्हा मृगाचे तारे सूर्याबरोबरच उगवतात आणि सूर्याबरोबरच मावळतात. रात्री समोरून मोटार आली, तर दिव्यांमागचा माणूस आपल्याला दिसतो का? नाही. तसेच हे. पुढे पृथ्वी सूर्याभोवती फिरत जाते, आणि सहा महिन्यांनी मृग सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो. म्हणून थंडीच्या दिवसांत तो रात्री दिसतो. नक्षत्र काही पाऊस पाडत नाही. पाऊस आणतात समुद्रावरून येणारे वारे. नक्षत्र वेळ सांगते.

व्याधाची गोष्ट ऐकून तर आम्ही थक्क झालो. उजेड एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटे लागतात. व्याधाच्या उजेडाला लागतात साडेआठ वर्षे! हा उजेड तिथून निघाला तेव्हा जन्मलेले पोर आज तिसरीत असेल.

साडेनऊच्या सुमारास ईशान्येला सप्तर्षी वर येऊ लागले. आपल्याकडे काही ठिकाणी यांना म्हातारीची बाज म्हणतात. चार तारे बाजेचे खूर आणि मागचे तीन तारे चोर. चोर अजून उगवायचे होते. बाजेच्या पुढच्या दोन खुरांमधून सरळ रेघ ओढा. त्या दोघांत जेवढे अंतर आहे, त्याच्या सुमारे पाचपट पुढे जा. तिथे ध्रुव सापडतो. तो फार तेजस्वी नाही, पण जागा सोडत नाही. तो दिसला की उत्तर दिशा कळली.

हात लांब करून मूठ धरा. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून सुमारे दोन मुठी वर दिसतो. कन्याकुमारीला एक मूठही भरत नाही. श्रीनगरला तो साडेतीन मुठी वर असतो.

या माहितीचा उपयोग त्याच रात्री झाला. दोनच्या सुमारास आमच्यातला एक जण लघवीला म्हणून तंबूच्या दारातून सरळ पुढे गेला. परतताना बॅटरी विझली. वाऱ्यामुळे त्याची हाक आम्हाला ऐकू आली नाही. भलतीकडे पाय पडला तर खाली कडा! पण तो धावला नाही. खाली बसला. आभाळात बाज शोधली, ध्रुव शोधला. तंबूची दारे उत्तरेला आहेत, म्हणजे आपण उत्तरेला आलो, हे त्याने ध्यानात घेतले. ध्रुवाकडे पाठ केली आणि हाताने जमीन चाचपत, रांगत रांगत तो तंबूपाशी आला. येताच म्हणाला, "आज मला ताऱ्यानं घरी आणलं."

चार वाजता पुन्हा बाहेर आलो. मृग पश्चिमेला टेकला होता. बाज उत्तरेला उंच चढली होती, आणि चोरही तिच्यामागे आले होते. ध्रुव मात्र तिथेच. खरे तर फिरते ती पृथ्वी, म्हणून तारे सरकताना दिसतात. ध्रुव पृथ्वीच्या आसाच्या रोखाने असल्यामुळे जागचा हलत नाही.

मंडळी, यासाठी कळसूबाईच चढायला हवी असे नाही. थंडीत एका अंधाऱ्या रात्री जेवण झाल्यावर अंगणात या. दिवा बंद करा. अर्धा तास थांबा. मग पोराबाळांना मृग दाखवा. अक्षरे ओळखली की पुस्तक वाचता येते. आभाळाचेही तसेच आहे.