धडधड चालू असतानाच पट्टी काढा

कुडवा गोंदिया शहराला लागूनच आहे. तरी लेकराची छाती धडधडायला लागली, की घरात आधी नाव निघते नागपूरचे. गाडी ठरवून तिथे पोचेपर्यंत धडधड थांबते, पोर खेळायला लागते आणि ईसीजी नॉर्मल येतो. मग निदान करायचे कशावरून? त्यासाठी धडधड चालू असतानाच, जो दवाखाना जवळ असेल तिथे ईसीजीची पट्टी निघायला हवी.

ताप आला, की मुलांचे ठोके वाढतात. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, त्याने रक्त कमी झाले तरी ठोके वाढतात. पण हे ठोके हळूहळू चढतात नि उतरतात. एसव्हीटी (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया), म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची बिघडलेली वेगवान लय, मात्र बटण दाबल्यासारखी सुरू होते. मिनिटाला तान्ह्या बाळात 220 च्या वर, मोठ्या मुलात 180 च्या वर ठोके. मूल रडो की झोपो, आकडा फारसा हलत नाही. बाळ दूध ओढत नाही, घामेजते, फिकट पडते. अशा वेळी दृष्ट काढत बसू नये. काही तासांत हृदय थकू शकते.

बहुतेकदा कारण जन्मजात असते. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली विजेचा संदेश जायला सहसा एकच वाट असते. काहींना जादा वाट असते. संदेश एकीने उतरतो, दुसरीने चढतो आणि फिरतच राहतो.

दवाखान्यात बाळाच्या चेहऱ्यावर, नाक-तोंड मोकळे ठेवून, बर्फाच्या पाण्याची पिशवी काही सेकंद धरतात. मोठ्या मुलाला सिरिंजमध्ये फुंकायला लावतात. डोळे दाबायचे नाहीत, कधीच नाहीत. नाही थांबले तर ॲडेनोसिनचे इंजेक्शन, वजनाच्या किलोमागे 0.1 मिलिग्रॅम. ते रक्तात दहा सेकंदही टिकत नाही, म्हणून झटक्यात देऊन लगेच सलाईन ढकलतात. मॉनिटरवरची रेघ क्षणभर सपाट होते. आईबापाला हे आधी सांगायलाच हवे! त्या वेळी ईसीजी चालूच ठेवायचा. निदान बरेचदा तिथेच होते. मूल अत्यवस्थ असेल तर वाट न पाहता हलका शॉक देतात.

पुष्कळ तान्ह्यांचा त्रास वर्षभरात जातो, तोवर प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध पुरते. मोठ्या मुलांमध्ये जांघेतून तार नेऊन ती जादा वाट जाळतात. दहापैकी नऊहून अधिक मुलांत गुण येतो.

खेळताना किंवा पोहताना मूल बेशुद्ध पडले, तर मात्र मिरगीचा शिक्का मारण्याआधी ईसीजी झालाच पाहिजे. आणि पट्टीचा मोबाइलवर लगेच फोटो काढा. त्या कागदावरची रेघ कालांतराने पुसट होते.