आयर्लंड आणि इंग्लंड : वैराचे मूळ जमिनीत

आयरिश आणि इंग्रज यांच्यातले वैर कॅथलिक-प्रोटेस्टंट वादातून आले, असे सहसा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. धर्माइतकेच हे भांडण जमिनीचे होते.

१२व्या शतकात नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरले आणि इंग्लंडच्या राजाने या बेटावर हक्क सांगितला. पण खरा घाव बसला तो १६०९नंतर. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या जमिनी जप्त करून तिथे स्कॉटलंड-इंग्लंडमधले प्रोटेस्टंट वसवण्यात आले. १६४९मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेल फौज घेऊन आला. त्यानंतर जमिनींची आणखी मोठी जप्ती झाली. उरलेले काम कायद्यांनी केले. १७०४च्या कायद्याने कॅथलिक मालकाची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई. थोरला मुलगा प्रोटेस्टंट झाला, तर मात्र सगळी त्यालाच मिळे. कॅथलिकाला पाच पौंडांहून महाग घोडाही बाळगता येत नसे.

याची फळे १८४५पासूनच्या दुष्काळात दिसली. बटाट्यावर रोग पडला आणि गरीब कुळांचे तेच मुख्य अन्न होते. शेतात धान्य पिकत होते, पण खंड भागवण्यासाठी ते विकावे लागे. बंदरांतून त्याची निर्यातही सुरूच होती. सुमारे १० लाख माणसे मेली, जवळपास तितकीच देशोधडीला लागली.

१९२१मध्ये फाळणी होऊन बाकीचे आयर्लंड वेगळे झाले आणि अल्स्टरच्या नऊपैकी सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट गटांत पुढे पेटलेला रक्तपात १९९८च्या गुड फ्रायडे कराराने बराचसा थांबला. दोन्ही आयर्लंड एक व्हावेत की नाही, हा निर्णय या कराराने मतदारांवर सोपवला आहे.