समुद्राचा सातबारा

शेताचा बांध निदान डोळ्यांना दिसतो. समुद्रातला बांध नुसता कागदावर, आणि तळाशी तेल असल्याची कुणकुण लागली की तो कागदही कुणी मानत नाही. खोल पाण्यातल्या रिगचं भाडं दिवसाला लाखो डॉलर. सातबारा साफ नसताना एवढा पैसा ओतणार कोण?

तरी ओतणारे निघतात. २००६ मध्ये व्हिएतनामने दक्षिण चीन समुद्रातला १२८ क्रमांकाचा ब्लॉक आपल्या ओएनजीसी विदेशला दिला. २०१२ मध्ये चीनच्या सरकारी कंपनीने नेमका तोच पट्टा स्वतःच्या यादीत घालून परदेशी कंपन्यांपुढे मांडला. एकच प्लॉट दोघांना विकायची विद्या आपल्याकडेच आहे असं नाही!

पण गमतीत पहिला नंबर कॅस्पियनचा. हा समुद्र की तळं? प्रश्न पाचवीच्या भूगोलातला वाटतो, पण तेल कुणाचं ते त्याच्या उत्तरावर ठरतं. समुद्र म्हटलं, तर ज्याचा किनारा मोठा त्याचा वाटा मोठा. तळं म्हटलं, तर काठावरच्या पाच भावांत सारखी वाटणी मागता येते. इराणचा किनारा आखूड. तो वीस टक्क्यांवर अडून बसला यात नवल नाही. २००१ मध्ये त्याच्या युद्धनौकेने अझरबैजानच्या वतीने पाहणी करणारं बीपीचं जहाज पिटाळून लावलं आणि काम बंद पडलं. २०१८ मध्ये पाचही देशांनी करारावर सह्या केल्या, त्यात ठरलं काय? ना समुद्र, ना तळं. तळाची वाटणी शेजाऱ्यांनी आपसांत करावी. याच पाण्यातल्या एका तेलक्षेत्राला अझरबैजान ‘क्यापाझ’ म्हणे आणि तुर्कमेनिस्तान ‘सरदार’. २०२१ मध्ये समेट झाला आणि नवं बारसंही: ‘दोस्तलुग’. अर्थ सांगायला आपल्याला दुभाषा नको.

भारत-बांगलादेश सीमेवरचं न्यू मूर बेट १९७० च्या वादळानंतर वर आलं. दोघांनी हक्क सांगितला, आपण झेंडाही रोवला. २०१० पर्यंत बेटच बुडालं! सागरी हद्दीचा तंटा मात्र तरंगत राहिला आणि बांगलादेशचे वायूचे ब्लॉक त्यात अडकले. अखेर २०१४ मध्ये हेगच्या लवादाने वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी साधारण १९,५०० बांगलादेशच्या पदरात घातले.

आणि लेबनॉन-इस्रायल? एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोघांनी २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने सागरी हद्द ठरवली. लेबनॉनची सगळी आशा काना नावाच्या क्षेत्रावर. २०२३ मध्ये तिथे विहीर खणली. विकण्याजोगा वायू काही निघाला नाही.