फोटोच्या पाठीवरची ईद

रमजानच्या आधी घर आवरताना दादीच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. दौंडला रेल्वेत असलेले आजोबा आणि दोन अनोळखी माणसे. पाठीवर पेन्सिलीने उर्दूत एवढेच : ‘ईद-उल-फित्र, १३६६’.

आमच्या घरातली मुले मराठी शाळेत शिकलेली, त्यांना ते वाचता येईना. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे नुसत्या सनावरून भागत नाही, महिना लागतो. १३६६चा रमजान चालू असतानाच १५ ऑगस्ट १९४७ उजाडला आणि तीन दिवसांनी, १८ ऑगस्टला ईद झाली. म्हणजे स्वतंत्र देशातली ही पहिली ईद!

इफ्तारनंतर फोटो फुफींपुढे ठेवला. त्यांनी एका माणसावर बोट ठेवले. “हे आपल्या शेजारचे. शिरखुर्मा प्यायला सर्वांत आधी यायचे.” टोपीवरून आम्ही त्यांना नातलग समजत होतो. तिसरा मात्र फुफींना आठवेना.

फोटो लॅमिनेट करू नका, चिकट पानांच्या अल्बममध्ये तर नकोच. आमचे दोन फोटो त्यातच गेले. पाठीवर बॉलपेनने नव्हे, मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा. मोबाइलवर दोन्ही बाजू टिपा. तुमच्याकडे पाठीवर उर्दूऐवजी मोडी असेल; वाचणारे म्हातारे आहेत तोवर विचारून घ्या.

ईदनंतर फोटोची प्रत घेऊन मी दौंडला जाणार आहे. जुन्या रेल्वे कुटुंबांत तिसऱ्याला ओळखणारे कुणी असेल.